न्यूडॅट ३: न्यूक्लियसचे आकार स्वतः बघायचे असतील तर ही फुकटची वेबसाइट वापराच, फक्त बीटा-२ च्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

न्यूडॅट म्हणजे अमेरिकेतल्या ब्रूकहेवन नॅशनल लॅबच्या नॅशनल न्यूक्लियर डेटा सेंटरची वेबसाइट. लॉगिन नाही, सबस्क्रिप्शन नाही, कॉलेजच्या वायफायवरूनच उघडेल अशीही अट नाही, गूगलवर न्यूडॅट ३ टाका की झालं. समोर न्यूक्लाइड चार्ट येतो, न्यूक्लाइड म्हणजे ठरावीक प्रोटॉन आणि ठरावीक न्यूट्रॉनवाला न्यूक्लियस. आडवे न्यूट्रॉन, उभे प्रोटॉन, आणि आजवर सापडलेले तीन हजारांहून जास्त न्यूक्लाइड छोट्या छोट्या चौकोनांत. बहुतेक लोक इथे येतात ते कुठल्यातरी आयसोटोपचा हाफ-लाइफ बघायला किंवा सोर्सची गॅमा एनर्जी शोधायला, कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) बघितली की टॅब बंद. त्यात चूक काही नाही, पण या साइटवरची सगळ्यात भारी गोष्ट तशीच राहून जाते. मी गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी शिकवते आणि एम.एस्सी.च्या पोरांचे प्रोजेक्ट घेते, त्यामुळे मला ही साइट रोज लागते, आणि हा रिव्ह्यू मी मुद्दाम एकाच वापराबद्दल लिहितेय: न्यूट्रॉन खच्चून भरलेले, फार थोडा वेळ टिकणारे जे न्यूक्लियस असतात त्यांचे आकार बघायला ही साइट कशी आहे.

चार्टला रंग कशावरून द्यायचा ते निवडायची सोय आहे. सुरुवातीला तो हाफ-लाइफवर असतो, स्थिर न्यूक्लाइड काळे आणि बाकीचे रंगीत. तो बदलून पहिल्या २+ लेव्हलच्या (२ म्हणजे स्पिन, + म्हणजे पॅरिटी) एनर्जीवर आणा. आता फक्त सम प्रोटॉन आणि सम न्यूट्रॉनवाले चौकोन रंगतात, कारण ग्राउंड स्टेट ०+ आणि बहुतेक वेळा पहिली एक्सायटेड स्टेट २+ हा प्रकार त्यांच्यातच असतो. आणि ही एक एनर्जी आकाराबद्दल बरंच काही सांगून जाते. न्यूक्लियस गोल आणि क्लोज्ड शेलवाला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनचं शेल पूर्ण भरलेला) असेल तर त्याला हलवायला खूप ऊर्जा लागते, २+ वर चढते. लांबट किंवा चपटा असेल तर तो अख्खा फिरू शकतो, आणि फिरायला फार कमी ऊर्जा लागते, म्हणून २+ खाली येते.

आता प्रोटॉन ४० ची ओळ पकडा, झिर्कोनियमची. झिर्कोनियम-९० ची २+ आहे २१८६ केईव्हीवर, न्यूट्रॉन ५०, म्हणजे मॅजिक नंबर, शेल पूर्ण भरते ती संख्या, अपेक्षेप्रमाणे उंच. ९२ आणि ९४ मध्ये साधारण ९३४ आणि ९१९, मग ९६ ला परत चढून १७५०, ९८ ला १२२३, आणि पुढच्याच सम चौकोनात, झिर्कोनियम-१०० मध्ये, थेट २१२.५. दोन न्यूट्रॉन वाढवले आणि एनर्जी जवळपास सहा पटींनी कोसळली! १०२ मध्ये १५२. खालच्या स्ट्रॉन्शियमच्या ओळीतही तेच, ९६ ला ८१५ आणि ९८ ला १४४. चार्टवर न्यूट्रॉन ५८ आणि ६० च्या मधे कोणीतरी भिंत घातल्यासारखा रंग बदलतो. हा आकाराचा बदल आहे, आणि अख्ख्या चार्टवर इतका अचानक होणारा बदल फार थोड्या ठिकाणी आहे. पुस्तकात याचा एक ग्राफ असतो, तो परीक्षेपुरता लक्षात राहतो. इथे तुम्ही स्वतः ओळीवरून कर्सर फिरवत जाता, आणि मग आपोआप प्रश्न पडतो की बाजूच्या ओळीत काय होतं? तर वर मॉलिब्डेनममध्ये तो बदल हळूहळू होतो, ९८ ला ७८७, १०० ला ५३६, १०२ ला २९७, १०४ ला १९२, उतरण आहे, भिंत नाही. आणि खाली क्रिप्टॉनमध्ये, ९४ ला ६६५ आणि ९६ ला ५५४, म्हणजे भिंत गायबच. प्रोटॉन ३८ आणि ४० ला एवढी उडी, ४२ ला उतार, ३६ ला जवळजवळ काहीच नाही, हे असं का? हा प्रश्न एखाद्या पोराने स्वतःहून विचारला की माझं अर्धं काम झालं, आणि न्यूडॅट तो प्रश्न विचारायला लावतं म्हणून मला ही साइट इतकी आवडते.

त्याच मेनूत ४+ आणि २+ च्या एनर्जीचं गुणोत्तर आहे, तेही लावून बघा. पक्क्या रोटरमध्ये, म्हणजे आकार न बदलता फिरणाऱ्या न्यूक्लियसमध्ये, एनर्जी J × (J + १) च्या प्रमाणात वाढते, J म्हणजे स्पिन, म्हणजे २० भागिले ६, ३.३३ यायला हवं, आणि साध्या व्हायब्रेटरमध्ये २. झिर्कोनियम-९८ मध्ये हे १.५ च्या आसपास, १०० मध्ये २.६६, १०२ मध्ये ३.१५. म्हणजे १०० ला उडी मारली खरी पण तो अजून पक्का रोटर झालेला नाही, हे दुसऱ्या रंगातच कळतं. एकट्या २+ वर थांबलात तर ही बारकाई हातून जाते.

हे आकडे कुठून आले हेही सांगायला हवं, कारण चौकोन क्लिक केला की आकडा एका सेकंदात येतो आणि असं वाटतं की तो तिथे कायमच होता. झिर्कोनियम-१०० हा बाटलीत मिळत नाही, त्याचा हाफ-लाइफ सात सेकंदांच्या आसपास आहे. १९७० मध्ये बर्कलीत चेइफेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियम-२५२ आपणहून फुटतं त्या तुकड्यांतून निघणारे गॅमा पकडले आणि वस्तुमान १०० च्या आसपासचे हे न्यूट्रॉन-रिच न्यूक्लियस विरूप आहेत हे दाखवलं. प्रत्येक फिशनमध्ये शेकड्यांनी शक्यता असलेले तुकडे, प्रत्येक तुकडा गॅमा फेकतोय, आणि त्या कल्लोळातून कुठला गॅमा कुठल्या न्यूक्लियसचा हे वेगळं करायचं. पुढे हेच काम मोठ्या जर्मेनियम डिटेक्टरांच्या ॲरेंनी तीन-तीन गॅमा एकाच वेळी पकडून केलं, आणि आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सायरस आणि ध्रुव रिॲक्टरवर युरेनियम-२३५ चं थर्मल न्यूट्रॉनने फिशन करून, क्लोव्हर डिटेक्टर लावून, तुकड्यांचे प्रॉम्प्ट (फुटल्याबरोबर निघणारे) गॅमा बघितले गेलेत. मुंबईत बसून न्यूट्रॉन-रिच न्यूक्लियसवर काम होतं हे आपल्याच पोरांना माहीत नसतं आणि ते परदेशाच्या ॲप्लिकेशनच्या मागे धावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता थोडं खोलात. २+ चा रंग सोडून पहिल्या एक्सायटेड स्टेटच्या एनर्जीचा रंग लावा, आणि दोन्ही चित्रं आलटून पालटून बघा. सम-सम चौकोनांपैकी बहुतेक सारखेच राहतात, पण काही बदलतात, आणि जे बदलतात तेच सगळ्यात मजेशीर. झिर्कोनियम-९८ मध्ये पहिली एक्सायटेड स्टेट २+ नाहीच, ती ०+ आहे, ८५४ केईव्हीवर. स्ट्रॉन्शियम-९८ मध्ये २+ आधी येते, पण तिच्या डोक्यावर लगेच २१५ केईव्हीला दुसरी ०+ बसलेली आहे, ती रंगात दिसत नाही, त्यासाठी लेव्हलची यादी उघडावी लागते. इतकी खाली दुसरी ०+ म्हणजे एकाच न्यूक्लियसमध्ये दोन वेगळे आकार जवळजवळ सारख्याच ऊर्जेवर, शेप कोएक्झिस्टन्स. ती भिंत मग अशी समजते: गोल आकार आणि लांबट आकार दोन्ही आधीपासून तिथेच होते, न्यूट्रॉन ६० ला फक्त खाली कोण ते बदललं. २०१६ मध्ये सर्नच्या आयसोल्ड या केंद्रावर स्ट्रॉन्शियम-९६ आणि ९८ चे बीम वेगाने टार्गेटवर सोडून कूलोम एक्सायटेशन (नुसत्या विद्युत बलाने न्यूक्लियसला वरच्या लेव्हलवर चढवणं) केलं, त्यात ९६ जवळपास गोल आणि ९८ लांबट निघाला, आणि ९८ मध्ये ती वरची ०+ गोल आकाराची. आणि त्या दोघांची आपसात मिसळण फार कमी, हे मला सगळ्यात भारी वाटतं, एवढे जवळ असूनसुद्धा.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता तो अर्धा.

मेनूत बीटा-२ असाही रंग आहे. बीटा-२ म्हणजे डिफॉर्मेशन पॅरामीटर, आकार किती ताणलाय त्याचा आकडा, आणि साहजिकच आकार बघायला आलेला माणूस पहिल्यांदा तेच बटण दाबतो. पण हा आकडा कोणी मोजलेला नसतो. मोजलेलं असतं ते बी-ई-२, म्हणजे ०+ वरून २+ ला जायची ताकद, आणि त्यावरून एका सूत्राने बीटा काढतात, ज्यात न्यूक्लियसची त्रिज्या १.२ गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ अशी धरलेली असते आणि न्यूक्लियस साधा कडक रोटर आहे असं मानलेलं असतं. दुसरं म्हणजे बी-ई-२ चं वर्गमूळ घेतलं की चिन्ह जातं. लांबट की चपटा हे त्या आकड्यात नाहीच! सगळे बीटा प्लस दिसतात म्हणून पोरं रिपोर्टमध्ये बिनधास्त प्रोलेट (लांबट) लिहून मोकळी होतात. चिन्ह हवं असेल तर २+ चा क्वाड्रुपोल मोमेंट मोजावा लागतो, वर सांगितलेल्या स्ट्रॉन्शियमच्या प्रयोगात तेच केलंय, आणि तसं मोजमाप न्यूट्रॉन-रिच भागात फार थोड्या न्यूक्लियसचं आहे. आणि तिसरं, जो गोल न्यूक्लियस नुसता थरथरतो, व्हायब्रेट होतो, त्यालाही या सूत्रातून बीटा मिळतोच. मॅजिक न्यूक्लियसलाही मिळतो. म्हणजे शून्य नसलेला बीटा दिसला म्हणून डिफॉर्म्ड, असं नसतं. हे सगळं रंगाच्या पट्टीशेजारी दोन ओळींत लिहायला हवं होतं. नवख्या माणसाला ते कोण सांगणार?

मॅग्नेशियम-३२ चं उदाहरण घ्या, कारण या विषयातलं ते सगळ्यात गाजलेलं. न्यूट्रॉन २० च्या उभ्या रांगेत वरून खाली या: कॅल्शियम-४० ची २+ ३९०४, सल्फर-३६ ची ३२९१, सिलिकॉन-३४ ची ३३२६, आणि मग मॅग्नेशियम-३२, ८८५. मॅजिक नंबर २० आहे की नाही असा प्रश्न पडावा असा कोसळलेला आकडा. या भागाला आयलंड ऑफ इन्व्हर्जन म्हणतात, त्याचा पहिला सुगावा १९७५ मध्ये सर्नला सोडियमच्या आयसोटोपांची वस्तुमानं मोजताना लागला होता, ३१ आणि ३२ अपेक्षेपेक्षा घट्ट बांधलेले निघाले. मग १९९५ मध्ये जपानच्या रिकेनमध्ये मोतोबायाशी आणि टीमने मॅग्नेशियम-३२ शिशाच्या टार्गेटवर सोडून बी-ई-२ मोजला, ४५४ अधिक-उणे ७८ (एकक e²fm⁴), त्यावरून बीटा ०.५१. जबरदस्त डिफॉर्म्ड. पण १९९९ मध्ये मिशिगन स्टेटच्या मापनात, वरच्या लेव्हलवरून २+ मध्ये जे गॅमा ओतले जातात त्यांची वजाबाकी केल्यावर, ३३३ अधिक-उणे ७० आला. म्हणजे त्याच सूत्राने बीटा ०.४४ च्या आसपास. डिफॉर्म्ड आहे यात वाद नाही, पण किती, ते कुठली वजाबाकी धरली त्यावर ठरतं. चौकोनाच्या रंगात ही भांडणं दिसत नाहीत, एकच रंग दिसतो. मी तर सांगते, बीटाचा रंग बघा, पण रिपोर्टमध्ये आकडा लिहायच्या आधी बी-ई-२ च्या मूळ पेपरपर्यंत जा.

आणि तिथे न्यूडॅट चांगलं वागतं, हेही सांगायला हवं. चौकोनावर क्लिक केलं की लेव्हलची यादी निघते, प्रत्येक लेव्हलपुढे ती कुठल्या कुठल्या प्रयोगात दिसली त्याची अक्षरं, स्पिन-पॅरिटी, हाफ-लाइफ, आणि तिथून निघणारे गॅमा. हे वाचायची सवय लागायला वेळ लागतो. आकड्याच्या मागे तिरप्या ठशात एक लहान आकडा असतो, तो शेवटच्या अंकातली अनिश्चितता, म्हणजे समजा २१२.५ च्या मागे तिरपा २ असेल तर २१२.५ अधिक-उणे ०.२, तो वेगळा कॉलम नव्हे. स्पिन साध्या कंसात असेल तर तो पक्का नाही, पुरावा कमजोर आहे. गॅमाची मल्टिपोलॅरिटी चौकटी कंसात असेल तर ती मोजलेली नाही, मानलेली आहे. न्यूट्रॉन-रिच भागात जसजसे उजवीकडे सरकाल तसतसे हे कंस वाढत जातात, आणि शेवटी शेवटी एका न्यूक्लियसला एकच लेव्हल, तीही कंसात. मला तो भाग बघायला फार आवडतं, कारण माणसाला आज कुठपर्यंत माहीत आहे ती सीमा तिथे अक्षरशः दिसते.

आता नवा डेटा साइटवर उशिरा येण्याचा प्रश्न. न्यूडॅटच्या मागचा मुख्य साठा म्हणजे ईएनएसडीएफ, आणि तो वस्तुमानांकाप्रमाणे तपासला जातो, म्हणजे १०० वस्तुमानाचे सगळे न्यूक्लाइड एकत्र, मग १०१ चे. हे काम जगभरचे इव्हॅल्युएटर करतात, भारतातलेही त्यात आहेत, प्रत्येक पेपर वाचून, आकडे एकमेकांशी ताडून. माणसं थोडी आणि पेपर ढीगभर, त्यामुळे एका वस्तुमानांकाची पाळी परत यायला कधीकधी दहा वर्षंही जातात. याचा परिणाम काय होतो ते क्रिप्टॉन-९६ वरून कळेल. २००९ मध्ये एका प्रयोगातून त्याची २+ २४१ केईव्हीला आहे असं छापून आलं, म्हणजे क्रिप्टॉनमध्येही भिंत आहे. २०१० मध्ये आयसोल्डवर वस्तुमानं मोजली तर तिथे भिंतीचं नाव नाही, सगळं सरळ. आणि २०१२ मध्ये तिथेच कूलोम एक्सायटेशनमध्ये २+ निघाली ५५४ ला. अख्खं चित्र उलटलं, आणि मी वर जो क्रिप्टॉनमध्ये भिंत नाही असा मुद्दा मांडला तो याच ५५४ वर उभा आहे. अशा मधल्या काळात कोणी जुन्या इव्हॅल्युएशनवर विसंबून राहिलं तर निष्कर्ष बरोब्बर उलटा. म्हणून सवय लावा: लेव्हलच्या पानावर इव्हॅल्युएशनची तारीख असते ती आधी बघा, आणि मग त्याच सेंटरच्या एक्सयूएनडीएल मध्ये जा, तिथे नव्या पेपरांचा डेटा न तपासता पण लवकर टाकतात. संदर्भ शोधायला एनएसआर आहे, तेही त्यांचंच, तेही फुकट. या तीन गोष्टी एकत्र वापरल्या तर उशिराचा त्रास बराच कमी होतो, पण हे तिघं एकमेकांना धरून आहेत हे पहिल्या पानावर नवख्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा पर्याय म्हणून लोक विचारतात ते व्हिएन्नाच्या आयएईएचं (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं) लाइव्हचार्ट. तेही चांगलं आहे, दिसायला मला जास्त सुटसुटीत वाटतं, ग्राफ काढायची सोय छान, आणि मोबाइलसाठी त्यांचं आयसोटोप ब्राउझर नावाचं ॲप आहे ते लॅबमध्ये उभ्या उभ्या गॅमा एनर्जी बघायला झकास. दोघांच्या मागचा स्ट्रक्चरचा डेटा मात्र मुख्यतः तोच ईएनएसडीएफ, तेव्हा एकीकडचा आकडा दुसरीकडे जुळला म्हणून तो दोनदा सिद्ध झाला असं समजू नका. आकाराच्या अभ्यासाला मी न्यूडॅटच धरते, कारण २+, ४+ भागिले २+, ३-, बीटा, सगळे रंग एकामागोमाग एक लावून त्याच जागेवर नजर ठेवता येते.

३- वरून आठवलं, तोही रंग सोडू नका. बेरियम-१४४ च्या आसपास, प्रोटॉन ५६ न्यूट्रॉन ८८, ३- लेव्हल खाली उतरलेली दिसते. तिथे न्यूक्लियस नुसता लांबट नाही, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबमध्ये कॅलिफोर्नियमच्या फिशनमधून काढलेला बेरियम-१४४, ज्याचा हाफ-लाइफ साडेअकरा सेकंद, त्याचा बीम करून ग्रेटिना डिटेक्टरसमोर कूलोम एक्सायटेशन केलं आणि बी-ई-३ (०+ आणि ३- मधली तशीच ताकद) आला ४८ वाइसकॉफ युनिट (एकट्या कणाच्या उडीशी तुलना करणारं एकक), वर २५ आणि खाली ३४ ची अनिश्चितता. एवढी मोठी अनिश्चितता बघून नाक मुरडणारे असतात, त्यांना मी म्हणते, अकरा सेकंदांत मरणाऱ्या न्यूक्लियसचा बीम करून बघा आधी.

कोणासाठी आहे ही साइट? बारावीच्या मुलांना मी सांगणार नाही, उगाच गोंधळ होईल. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून पुढे मात्र प्रत्येकाने वापरावी, आणि टीआयएफआरच्या पेलेट्रॉन ॲक्सिलरेटरवर किंवा दिल्ली-कोलकात्याला इंगा या गॅमा डिटेक्टरांच्या ॲरेवर प्रयोगाला जाणार असाल तर जायच्या आधी तुमच्या न्यूक्लियसच्या आजूबाजूचे निदान आठ चौकोन उघडून लेव्हल स्कीम वहीत काढून न्या. इंग्रजी कच्चं असेल तरी अडत नाही, पान मुख्यतः आकड्यांचं आहे. फोनवर छोट्या स्क्रीनला इतके चौकोन बघणं अवघड जातं, लॅपटॉपच घ्या.

मराठीत सुरुवात करून देणारं कोणी नसेल तर माझ्या पोरांना देते तोच पहिला गृहपाठ घ्या. निकेलची ओळ उघडा, प्रोटॉन २८, निकेल-६८ ची २+ बघा, २०३३, मग उजवीकडे सरकत निकेल-७८ पर्यंत जा, तिथे २६०० आहे, रिकेनमध्ये मोजली, २०१९ मध्ये छापून आली. मधल्या प्रत्येक सम आयसोटोपची २+ एका कागदावर मांडा, ४+ मिळाली तर गुणोत्तर काढा, ज्यांचे स्पिन कंसात आहेत त्यांना खूण करा, आणि ७८ च्या पानावर दुसरी २+ कुठे आहे ते शोधून ती इतकी जवळ का असावी यावर अर्धं पान लिहा. कागद पूर्ण झाला की कमेंटमध्ये फोटो टाका, मी तपासून देईन.